दगडातून आलेले पाहुणे

यंदाचे उत्तरायण आटोपले आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या बडोद्याच्या घरी, बैठकीच्या खोलीत समुद्र आला. नुकतेच नोकरीस लागलेल्या आमच्या चिरंजीवांनी काचेची एक टाकी आणली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 190 लिटर पाणी. गोड्या पाण्यातले मासे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. पण ही टाकी खाऱ्या पाण्याची. त्यासाठी स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. निराळे तयार मीठ मिळते आणि ते लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम घालावे लागते. साडेसहा किलो मीठ पाण्यात गेलेले पाहून आमच्या सौ.नी दोन वर्षांच्या लोणच्यांचा हिशेब मांडला. असो.

पाण्यापाठोपाठ दगड आले. या छंदातील मंडळी त्यांना ‘जिवंत दगड’ म्हणतात. दगड अर्थातच निर्जीव असतो. जिवंत असते ती त्याच्या छिद्राछिद्रांतली वस्ती. माशांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया माशांनाच विषासारखा बाधतो. दगडात वसलेले सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. हे काम आधी सुरू व्हावे आणि मासे मागाहून यावेत, असा क्रम. परंतु छिद्रांत जीवाणूंखेरीज इतरही कोणी दडून आलेले असते. निमंत्रण नसता आलेल्या या मंडळींनी आमच्या घरात महिनाभर जी खळबळ उडविली, तीच येथे सांगावयाची आहे.

पहिली दिसली ती एक बोटभर लांबीची, गुलाबी-तपकिरी अळी. रात्री दिवा मालवल्यावर ती फटीतून अर्धी बाहेर येई. प्रत्येक खंडाच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या केसांचे झुपके. आम्ही धीटपणाने तिला बोटाने ढकलावयास गेलो आणि ते केस बोटात रुतून बसले. काचतंतू टोचावेत तशी ती आग. चिकटपट्टी लावून ओढल्यावर बरेचसे निघाले, पण त्या दिवसापासून अळीविषयी आमचे मत बनले ते बनले.

पुढे शेवाळ खाण्यासाठी आणलेल्या पाच गोगलगायींपैकी तीन आठवड्याभरात मेल्या. तिसरीच्या शंखात तोंड खुपसून बसलेली ती अळी आम्ही स्वतः पाहिली. शिवाय रात्री टाकीतून ‘टक्, टक्’ असा कोरडा आवाज येऊ लागला होता. काच तडकते आहे की काय, म्हणून सौ. दोनदा उठून दिवा लावून आल्या. आमचा निर्णय झाला. तीस वर्षे मुलांच्या भांडणांचे निवाडे करण्यात गेल्यामुळे निवाडा करण्यास आम्हांस वेळ लागत नाही. दगड बाहेर काढावा, मोठ्या पातेल्यात उकळावा आणि धुऊन परत ठेवावा, असे फर्मान आम्ही सोडले. पातेले गॅसवर चढलेदेखील.

नेमके त्याच वेळी आमच्या शाळेतील जीवशास्त्राचे शिक्षक एका अहवालावर सही घेण्यासाठी आले. प्रकार ऐकताच ते म्हणाले, “सर, आधी गॅस बंद करा.” आमच्या घरात, आमच्या मुलासमोर, हाताखालच्या शिक्षकाने असे सांगावे, हे आम्हांस रुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांनी दगडाच्या एका कोपऱ्यावर बोट दाखविले. तेथे शर्टाच्या गुंड्यांसारखे चार-पाच हिरवट जीव चिकटलेले होते. हे झोअँथिड. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते आणि दगड उकळला, तर ते वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते. 2018 साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात एका घरी टाकी साफ करताना असेच विष पसरले आणि घरच्या मंडळींबरोबर मदतीस धावून आलेल्यांनाही इस्पितळात न्यावे लागले. आमच्या स्वयंपाकघरात त्या वेळी सौ. होत्या, चिरंजीव होते आणि अभ्यासास बसलेली धाकटी कन्याही होती. त्या पातेल्याकडे आम्ही नंतर बराच वेळ पाहत राहिलो.

“हा दगड आला कुठून?” हा त्यांचा दुसरा प्रश्न. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश 2001 साली झाला आहे. समुद्रातील प्रवाळखडक फोडून घरी आणणे हा गुन्हा आहे. सुदैवाने आमचा दगड मुंबईच्या एका हौशी गृहस्थाच्या टाकीत दोन वर्षे मुरलेला, सिमेंट व चुनखडीचा मानवनिर्मित दगड होता. आपल्या गुजरातेत जामनगरजवळ कच्छच्या आखातात 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील नरारा बेटावर ओहोटीच्या वेळी आम्ही पूर्वी विद्यार्थ्यांना नेले होते. वाटाड्या एकेक जीव दाखवी आणि आहे तेथेच राहू देई. त्या सहलीत मुलांना ‘हात लावू नका’ असे ओरडून सांगणारे आम्हीच होतो.

मग खरा तपास सुरू झाला. सरांनी मेलेल्या गोगलगायींचे शंख मागितले. त्यांच्या कडा सुपारी कातरावी तशा थोड्या थोड्या तुटलेल्या होत्या. हातोडीसारखे प्रहार करणारी मँटिस श्रिंप असती, तर शंखाला भोक पडले असते किंवा त्याच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. केसाळ अळीला तर शंख फोडताच येत नाही. ती मेलेले, कुजलेले खाते. म्हणजे जिला आम्ही खुनी ठरविले, ती प्रत्यक्षात झाडलोट करणारी होती. प्रेताजवळ सापडली, एवढाच तिचा अपराध. आम्हांस त्या क्षणी एक जुना विद्यार्थी आठवला. फुटलेल्या तावदानाजवळ उभा होता म्हणून आम्ही त्याला दिवसभर वर्गाबाहेर ठेवले होते. चेंडू दुसऱ्याचा होता, हे आम्हांस पुढल्या वर्षी कळले.

भीती अगदीच निराधार असते, असेही नाही. 2009 साली इंग्लंडच्या न्यूकी येथील मत्स्यालयात प्रवाळ कुरतडले जात होते; शेवटी दगड सोडवून पाहिले, तेव्हा मीटरभराहून लांब युनिस जातीचा किडा निघाला. मात्र त्याच्या डोक्यावर पाच स्पर्शिका असतात, जबडे बळकट असतात आणि अंगावर मोरपिशी झळाळी असते. आमच्या अळीपाशी यांतले काहीच नव्हते.

पतंगाचा उरलेला लाल कागद टॉर्चला बांधून आम्ही तिघे मध्यरात्री टाकीसमोर बसलो. तांबडा प्रकाश यातील बहुतेक जीवांना फारसा जाणवत नाही. तासाभराने, नखांची टोके काळी आणि अंगावर दाट लव असलेला, सुपारीएवढा एक खेकडा बाहेर आला. काळ्या टोकांचे केसाळ खेकडे बहुधा शिकारी निघतात. नियम म्हणून नव्हे, पण संशयास ते पुरेसे. काचेचा पेला दगडाला टेकून तिरपा ठेवला, आत कोळंबीचा तुकडा टाकला. दुसऱ्या रात्री स्वारी पेल्यात उतरली आणि गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येईना. समुद्रात सोडणे योग्य नव्हे, कारण तो मूळचा कोठला हे ठाऊक नाही. त्यास टाकीखालच्या गाळणीच्या कप्प्यात काळ्या पाण्याची शिक्षा झाली आहे. तेथे तो सुखाने जेवतो.

‘टक्’ आवाज करणारी निघाली पिस्तूल कोळंबी. तिची एक नांगी दुसरीहून फार मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटण्याचा हा आवाज. नांगीवर नांगी आपटण्याचा नव्हे, हे 2000 साली युरोपातील शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखविले. तिच्या कित्येक जाती गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात: ही बीळ खोदते, तो पहारा करतो. तिला अभय मिळाले.

ज्याचे सर्वांनी कौतुक केले, ते मात्र खरे उपद्रवी ठरले. दगडावर उमललेल्या एका पारदर्शक तपकिरी फुलाला सौ. ‘आमचा झेंडू’ म्हणत. ते एप्टेशिया नावाचे समुद्रफूल. प्रवाळांना डंख करणारे, आणि खरवडले तर उरलेल्या कणाकणातून नवे उगवणारे. चिरंजीवांनी खरवडले, पंधरा दिवसांत एकाचे नऊ झाले! आता त्यांना सुईने एकेक करून गरम चुन्याची निवळी टोचण्याचा कार्यक्रम चालू आहे.

काल रात्री काचेवर मोहरीएवढा पांढरा तारा दिसला. पाय असमान, दोन आखूड. आम्ही हात लावलेला नाही. छायाचित्र सरांकडे पाठविले आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.