चांदीपुऱ्याच्या विषाणूची वंशावळ

१९६५ साली नागपूर भागात तापाची मोठी साथ आली. संशय डेंग्यू आणि चिकुनगुनियावर होता आणि तो खराही ठरला. पण पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तपासलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात वेगळाच विषाणू हाती लागला. चांदीपुरा गावात सापडला म्हणून त्याचं नाव चांदीपुरा. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. रेबीजच्याच कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू पुढे वाळूमाशीतही आढळला. तरीही ताप आणणारा एक किरकोळ विषाणू, यापलीकडे त्याला कुणी फारशी किंमत दिली नाही.

मग २००३ उजाडलं.

त्या वर्षी जूनपासून तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, विशेषतः करीमनगर आणि वरंगळ भागात, मुलं पटापट दगावू लागली. सकाळी खेळणाऱ्या लेकराला ताप चढायचा, उलट्या व्हायच्या, झटके यायचे आणि ते बेशुद्ध पडायचं. बरीच मुलं दिवस-दोन दिवसांतच गेली. ३२९ मुलांना लागण झाल्याचा संशय होता, त्यांतली १८३ वाचली नाहीत. पहिला संशय साहजिकच जपानी मेंदूज्वरावर गेला. चाचण्यांत तो निघाला नाही, वेस्ट नाईल विषाणूही नाही. काही बालरोगतज्ज्ञ तर म्हणत होते की हा मेंदूज्वर नव्हेच, मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा आघात आहे. हा वाद पुढेही बराच रेंगाळला.

पुण्याच्या त्याच संस्थेला (तोवर तिचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं होतं) सहा मुलांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा करता आला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती ओळखीची गोळी. खरी अडचण वेगळीच होती. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून साथ ओळखायची तर शरीराला ती तयार करायला सवड हवी. आजाराच्या चौथ्या दिवसानंतर घेतलेल्या नमुन्यांत ती जास्त सापडत होती, आणि इथे कितीतरी मुलं त्याआधीच गेलेली. त्यामुळे साक्ष द्यायला उरली ती विषाणूची जनुकंच. नऊ मुलांच्या नमुन्यांत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मिळाला. दगावलेल्या एका बालकाच्या मेंदूतही तो सापडला.

आता प्रश्न होता, चार दशकं गप्प बसलेला हा विषाणू एवढा घातकी झाला कसा? बदलला असणार, असंच कुणालाही वाटेल. म्हणून पाच नमुन्यांतल्या आरएनएची क्रमवारी लावून ती १९६५ च्या विषाणूशी ताडून पाहिली. साम्य निघालं ९६.७ ते ९७.५ टक्के. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विषाणूच्या तीन जनुकांचा आणखी बारकाईने अभ्यास मांडला. बाहेरच्या आवरणावरच्या जी प्रथिनात ७ ते ११ अमिनो आम्लं बदललेली होती, एन आणि पी ही दोन जनुकं मात्र जवळपास जशीच्या तशी. एवढ्याशा फरकाने ताप आणणाऱ्याचा मारेकरी होतो, असं ठामपणे म्हणण्याजोगं त्यात काही नव्हतं. हा चांदीपुऱ्याचाच वारस, एवढं जनुकांनी पक्कं केलं; मुलंच का मरतात, याचं उत्तर त्यांच्यात मिळालं नाही. कदाचित तो आधीही मुलं मारत असेल आणि आपल्याकडे ते पाहायची सोयच नसेल, ही शंका त्या आकड्यांमुळे अधिकच बळावते.

२००४ मध्ये पूर्व गुजरातेत साथ आली आणि तिथला मृत्युदर ७५ टक्क्यांवर गेला. २००७ मध्ये विषाणू आपल्या जन्मगावाच्या आसपास, नागपूर विभागातल्या मुलांत उगवला. आता निदान लवकर व्हावं म्हणून आरएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचण्या आल्या होत्या. औषध किंवा लस मात्र नव्हती, आजही नाही.

सगळ्यात मोठी अलीकडची साथ २०२४ ची, पुन्हा गुजरातेत. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्या २४५ रुग्णांपैकी ६४ जणांत चांदीपुरा पक्का ठरला, ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे. नमुने पुण्याला जात होते. गावोगावी आरोग्य कर्मचारी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांच्या कडेला मॅलेथिऑनची भुकटी मारत फिरत होते, कारण हा विषाणू पसरवणारी, डासाहूनही लहान असलेली वाळूमाशी वाढते ती तिथेच.