रूपांतरण, सूक्ष्मजंतूंतील : परिसरातील मुक्त डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) शोषून स्वतःच्या जनुकसंचात सामावून घेण्याची सूक्ष्मजंतूची क्रिया

फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोनियाकारक न्यूमोकॉकस जंतूत ही क्रिया प्रथम दाखविली. तीस कारणीभूत द्रव्य डीएनए होय, हे एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले.

न्यूमोकॉकसमध्ये ही क्षमता सदैव जागृत नसते. जंतू १७ ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड बाहेर सोडतात. ते पुरेसे साठले की शोषणाची जनुके कार्यान्वित होतात आणि थोड्याच वेळात पुन्हा थंडावतात. परिस्थितीचा ताण ही जागृती घडवून आणू शकतो. मायटोमायसीन-सी व फ्ल्युओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैव औषधे ती चेतवितात, असे २००६ मध्ये दिसून आले. अशा औषधांमुळे डीएनएची प्रत तयार होणे मध्येच अडते, परंतु आरंभस्थानापाशी नव्या प्रती सुरू होतच राहतात. परिणामी त्या स्थानाजवळ असलेल्या क्षमता-जनुकांची संख्या वाढते. जंतू मरणार नाही इतकी अपुरी मात्रा म्हणूनच अधिक घातक ठरू शकते. न्यूमोकॉकसमधील पेनिसिलीनरोध मुख्यत्वे घशातील निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकसांच्या जनुकखंडांतून आलेला आहे. अर्थात त्या प्रत्येक देवघेवीमागे ताणच होता, असे म्हणता येत नाही.

पटकीच्या जंतूत चेतक निराळा आहे. खेकडे, कोळंबी इत्यादींच्या कवचांतील कायटिनावर दाटीने वाढताना तो डीएनए शोषू लागतो, हे २००५ मध्ये आढळले. ग्लुकोज उपलब्ध असल्यास मात्र ही क्रिया दबते.