धरणाचा काठ आणि तंबूची जागा

वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात अगस्त्य ऋषी रामाला पंचवटीची जागा सुचवतात. तिथे पोहोचल्यावर राम आधी लक्ष्मणाला आश्रमाची जागा शोधायला सांगतो आणि मग स्वतःच एक सपाट, फुललेल्या झाडांनी वेढलेला पट्टा दाखवतो. त्या वर्णनात गोदावरी फार लांबही नाही आणि अगदी लगतही नाही. लक्ष्मणाने पर्णशाळा उभारली ती अशा बेताच्या अंतरावर. उघड्यावर राहायचे तर पाणी हाताशी हवे, पण पाण्याला खेटून वस्ती नको, हे रानात राहणाऱ्याचे साधे शहाणपण त्यात आहे. पंचवटी आज ज्या शहरात आहे त्या नाशिकहून शनिवारी दुपारी पाठपिशव्या घेऊन निघणाऱ्यांना नेमके उलटे हवे असते. तंबूचे दार उघडले की पाय पाण्यात, अशी जागा सगळ्यांत आधी भरते. भंडारदऱ्याला हे उघड दिसते, पवना धरणाकाठी त्याचा धंदा झाला आहे आणि गंगापूर धरणाच्या काठावरही ती ओढ आहेच. तलावाभोवती पायी फिरणे आणि किमान सामानात उघड्यावर रात्र काढणे हा छंद चांगला आहे आणि तो वाढावा. मात्र महाराष्ट्रात तो रुजायचा असेल तर एक भेद पाळावा लागेल. धरणाभोवतीची वाट सर्वांना मोकळी असावी. मुक्काम मात्र ठरलेल्या जागी आणि पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथे टेकते त्या रेषेच्या, वर असावा.

या भेदाचे मूळ आपल्या तलावांच्या जातीत आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आपण ज्यांना तलाव म्हणतो ते बहुतेक जलाशय आहेत, म्हणजे माणसाने अडवलेले आणि माणसाच्या गरजेप्रमाणे रिकामे होणारे पाणी. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने प्रवरेवरचे हे धरण खुले झाले. भिंतीची उंची सुमारे २७० फूट, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते आणि सांडव्यावरून पाणी जाते. पुढे सिंचनासाठी पाण्याचे एकेक आवर्तन सुटत जाते आणि मे महिन्यापर्यंत पाणी खूप आत सरकलेले असते. ऑगस्टमध्ये जिथे पाणी डोक्यावर होते तिथे एप्रिलमध्ये मऊ, सपाट गाळाची जमीन उघडी पडते. गावकरी तिला गाळपेर म्हणतात आणि तिच्यावर हरभरा, गहू, भाजीपाला काढतात. तंबूवाल्यांनाही हीच जमीन सोयीची वाटते, कारण ती सपाट असते, तिच्यावर झाडझाडोरा नसतो आणि पाणी समोरच असते. पण हा धरणाचा काठ नव्हे, तळ आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यात तिथे जे पुरले, सांडले वा जाळले जाते त्यावर पुढच्या पावसाळ्यात पाणी चढते.

पंचवटीच्या दृष्टीने ही दूरच्या डोंगरातली गोष्ट नाही. गंगापूर धरण शहराच्या पश्चिमेला, थेट गोदावरीवर आहे. १९६५ मध्ये ते पूर्ण झाले. आजची साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते आणि काश्यपी व गौतमी या वरच्या धरणांचे पाणी त्यात उतरते. नाशिक महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार हेच धरण आहे आणि रामकुंडात स्नानासाठी सोडले जाणारे पाणीही तिथूनच येते. यावर कुणी म्हणेल की गोदावरी मैली झाली ती शहराच्या सांडपाण्याने आणि नाल्यांनी. वर्षभरातल्या काही शे तंबूंना त्यासाठी वेठीला धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे. नदीच्या एकूण दुखण्याबद्दल हा आक्षेप खरा आहे. पण शहराचे सांडपाणी मिसळते ते धरणाच्या खाली. जलाशय हा त्या आधीचा, पिण्यासाठी राखलेला साठा आहे. तिथली घाण प्रमाणाने कमी असली तरी तिची वाट थेट जलशुद्धीकरण केंद्राकडे जाते, आणि जे पाणी शुद्ध ठेवणे अजून शक्य आहे ते आधी राखावे, यातच शहाणपण आहे.

शिस्तीच्या ट्रेकरांचे उत्तर तयार असते: आम्ही मागे काही ठेवत नाही. अमेरिकेतून आलेल्या आणि आता जगभर शिकवल्या जाणाऱ्या नियमावलीप्रमाणे मुक्काम आणि शौचाचा खड्डा पाण्यापासून २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर दूर असावा; खड्डा १५ ते २० सेंटीमीटर खोल असावा. नियम उत्तम आहे, पण ज्यांची पातळी वर्षभर फारशी हलत नाही अशा नैसर्गिक सरोवरांसाठी आणि नद्यांसाठी. उतरत्या जलाशयाच्या मंद उतारावर साठ मीटर चालून गेले तरी माणूस तळातच असतो. पुरलेले आपोआप कुजते ही समजूतही तपासून पाहावी लागेल. अमेरिकेतल्या डोंगरांत झालेल्या आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरून ठेवलेल्या विष्ठेतले साल्मोनेला जंतू संपूर्ण हिवाळा उलटल्यावरही जिवंत सापडले. आपली माती उबदार, तिथे कुजण्याचा वेग जास्त असणार, हे मान्य. तरी जानेवारीतला खड्डा जुलैत पाण्याखाली जाणार असेल तर त्या वेगावर विसंबणे धोक्याचे. म्हणून आपल्याकडे अंतर मोजायचे ते त्या दिवशीच्या पाण्यापासून नव्हे, धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथे टेकते त्या रेषेपासून. आयात केलेल्या नियमात एवढी दुरुस्ती केली नाही तर तो पाळूनही चूकच घडेल.

दुसरा प्रश्न जागा विखुराव्यात की ठराविक असाव्यात, हा आहे. माणसे पांगली की भार वाटला जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. डेव्हिड कोल आणि जेफ्री मॅरियन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मुक्कामाच्या जागांची वर्षानुवर्षे पाहणी केली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. कोऱ्या जागेची बहुतेक हानी पहिल्या थोड्याच मुक्कामांत होते: गवत मरते, माती दबते. त्यानंतर वापर वाढला तरी हानी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे शंभर मुक्काम पाच जागांवर झाले तर पाच जागा खराब होतात. पन्नास जागांवर झाले तर जवळपास पन्नासही. गर्दीच्या ठिकाणी टणक, आधीच वापरातल्या मोजक्या जागा ठरवून देणे हाच कमी नुकसानीचा मार्ग ठरतो. यात सज्जन ट्रेकरावर अविश्वास नाही. त्याचाही देह कुठेतरी आडवा होतोच आणि गवताला त्याचा हेतू कळत नाही.

यावर सर्वांत मनापासूनचा आक्षेप एकांताचा आहे. ठरलेल्या जागी, चार माणसांच्या शेजारी झोपायचे तर घरून निघायचेच कशाला? आपल्या मातीत याचे उत्तर आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी निघते. लहान फेरी वीसेक किलोमीटरची, मोठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. असंख्य माणसे ती रात्रीतून चालतात. याच प्रदक्षिणेत लहानगा निवृत्ती वाघाच्या भयाने भावंडांपासून दूर गेला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचला, अशी वारकरी परंपरा सांगते. पंढरीच्या वारीतही वाट सर्वांची आणि मुक्काम ठरलेले. पालखी कुठे थांबणार हे गावोगाव आधी ठाऊक असते, म्हणून पाणी, जेवण, शौचालये यांची सोय तिथे उभी करता येते. या व्यवस्थेने कुणाचे अंतर्मुख होणे अडलेले नाही. एकांत मिळतो तो चालताना. रात्री पाठ टेकण्याच्या जागेवर तो मिळालाच पाहिजे, हा हट्ट नवा आहे आणि त्याची किंमत काठ मोजतो.

विरुद्ध बाजूने येणारा आक्षेप अधिक सोपा असतो: सरळ बंदी घाला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम थांबवला. नाजूक कुरणांबाबत ते समजण्यासारखे आहे. पण सरसकट बंदीने आपल्या धरणांवर निराळाच अन्याय होईल. गंगापूरच्या परिसरात द्राक्षमळे, फार्महाऊस, रिसॉर्ट उभे राहिले आहेत. पायी येणाऱ्याला मज्जाव झाला तर पाण्याचे सान्निध्य खोलीचे भाडे परवडणाऱ्याचेच उरेल. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० पासून पंचवटीतच काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या प्रांतात सत्याग्रह झाले, तिथे सार्वजनिक पाण्याचा काठ कुणासाठी बंद करताना दहादा विचार करावा लागतो. त्या लढ्यांची आणि सहलीची बरोबरी कुणी करू नये. पण सार्वजनिक जागा सर्वांची असते, हे तत्त्व तिथेच ठाम झाले. स्कॉटलंडचा अनुभव इथे कामी येतो. २००३ च्या कायद्याने तिथे बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने चालण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क सर्वांना मिळाला. पण लॉख लोमंड सरोवराच्या काठी त्याचा अतिरेक झाला, तेव्हा २०१७ पासून त्या राष्ट्रीय उद्यानातल्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर मुक्कामासाठी परवाना आवश्यक झाला. चालण्याचा हक्क मात्र अबाधित राहिला. वाट आणि मुक्काम यांचा हाच भेद आहे.

शेवटचा आक्षेप पोटाचा आहे. भंडारदऱ्याभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशा गावांची माळ आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. ज्यांच्या जमिनी जलाशयात गेल्या त्यांच्या वारसांनी काठावर तंबू भाड्याने लावून चार पैसे मिळवले तर त्यांना नियम सांगणारे शहरी कोण? प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच ठरलेली जागा गावाची असावी. गावठाणाजवळचे मैदान, तिथे शौचालय, पाण्याचा नळ आणि शेकोटीचा एकच चौथरा असावा. शुल्क ग्रामसभेने ठरवावे आणि गावातच राहावे. गाळपेरीवरच्या तंबूतला मोठा नफा पुष्कळदा बाहेरच्या आयोजकाकडे आणि त्याच्या जाहिरातीकडे जातो. गावच्या मैदानाचे तसे होणार नाही. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा वनविभागालाही तंबू कुठे आहेत हे माहीत असणे सोयीचे. मे-जूनमध्ये काजव्यांच्या झाडांखाली दिवे आणि गाड्या नेणाऱ्या गर्दीला आवर घालायचा तर मुक्काम झाडांपासून दूर, गावाशी बांधलेला हवा. काजव्याची अळी ओल्या मातीत वाढते, तुडवलेली जमीन तिला सोसत नाही. नर-मादी एकमेकांना प्रकाशाने ओळखतात, तिथे विजेरीचा झोत आडवा येतो.

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात भर आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षितता यांवर आहे. स्वतःच्या पायाने येणाऱ्या चार मित्रांना ते फारसे लागू पडत नाही आणि काठावरच्या रेषेबद्दल त्यातून काही कळत नाही. ती उणीव भरायला नवा कायदा नको. पूर्ण संचय पातळी जलसंपदा विभागाच्या नकाशांवर आधीच आखलेली असते. ती जमिनीवर चुना फासलेल्या दगडांनी दाखवायची, तिच्या वर गावाच्या मुक्कामाच्या जागा ठरवायच्या आणि खाली फक्त पायवाट ठेवायची. सुरुवात गंगापूरपासून व्हावी, कारण तिथे लाभ आणि जबाबदारी एकाच शहराच्या वाट्याला येतात. २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी किती जागा आणि कोणत्या किमतीवर, हाच प्रश्न होता. तिथे तो प्रश्न बारा वर्षांनी येतो. धरणाच्या काठावर तो दर शनिवारी येतो, आणि तिथे उत्तर तुलनेने स्वस्त आहे. दगडांची एक रेषा आखली तर पायी फिरणाऱ्याला धरणाची पूर्ण प्रदक्षिणा मिळेल, गावाला भाडे मिळेल, आणि पंचवटीतल्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या वाटेत कुणाच्या सहलीचा खड्डा येणार नाही.