भरतीसाठी घडणारी शरीरे

वाशीम जिल्ह्यात वर्षभर नेमाने सराव करणारा सर्वांत मोठा खेळाडूवर्ग बहुधा कोणत्याही क्रीडा संघटनेच्या नोंदवहीत सापडणार नाही, कारण तो पदकासाठी नव्हे तर पोलीस भरतीसाठी धावतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यत्वे कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर जगतो. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राने पॅकेज दिलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत तो होता आणि २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही त्याचा समावेश झाला. मोठे कारखाने नसलेल्या अशा भागात दरमहा ठरलेल्या तारखेला मिळणारा पगार ही एका घराची पिढी बदलणारी गोष्ट असते आणि म्हणूनच रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा किंवा मानोरा यांपैकी कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्याला उजाडण्यापूर्वी गेले तर कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, परंतु तो वाहनांचा. धावणाऱ्यांच्या वाट्याला जुनाच डांबरी रस्ता येतो.

या सरावाचे स्वरूप परीक्षेने ठरवलेले आहे. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात: मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर धावणे १५ गुणांचे आणि गोळाफेक १५ गुणांची, तर मुलींसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. पूर्ण गुण हवे असतील तर मुलाला १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाची प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत, शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटरपर्यंत न्यावा लागतो. निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून गुणानुक्रमे एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. उमेदवारांच्या भाषेत या सगळ्याला नुसते ‘ग्राऊंड’ म्हणतात, आणि वर्षभराची मेहनत प्रत्यक्षात सात मिनिटेही न चालणाऱ्या श्रमांवर तोलली जाते.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे तीन प्रकार एकमेकांचे सख्खे नव्हेत. पाच मिनिटांच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार पंचमांश भाग प्राणवायूच्या साहाय्याने तयार होतो. शंभर मीटरमध्ये मात्र स्नायूंत आधीच साठलेले क्रिएटिन फॉस्फेट आणि प्राणवायूविना होणारे साखरेचे विघटन यांवरच बहुतेक काम भागते. आणि गोळा हातातून सुटेपर्यंत जेमतेम एखाद-दोन सेकंद जातात, त्यात किती बल किती वेगाने निर्माण झाले एवढेच मोजले जाते. या तिन्हींना समान पाया देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाय, नितंब आणि कंबरेची ताकद. नेमकी तीच सर्वांत दुर्लक्षित राहते. बहुतेक मुले रोज १६०० मीटर पूर्ण जोरात धावून घड्याळ पाहतात, म्हणजे रोज सराव न करता रोज परीक्षाच देतात. दमश्वास वाढवण्यासाठी आठवड्यातील बहुतेक धाव बोलता येईल इतक्या सावकाश गतीची आणि एखाद-दोन दिवसच तुकड्या-तुकड्यांची जलद असावी, हे तत्त्व सांगितले तर ते आळशीपणाचे वाटते.

त्याची किंमत नडगी चुकवते. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत नव्या भाराला सरावतात, परंतु हाड आणि स्नायुबंध यांना त्यासाठी महिने लागतात. त्यामुळे जाहिरात निघाल्याबरोबर एकाएकी वाढवलेल्या धावेला फुप्फुसे पुरतात आणि हाड मागे पडते. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेली दुखरी पट्टी हा पहिला इशारा असतो. दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागी एकवटले आणि रात्री पडल्यावरही ठसठसू लागले, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी लागते आणि मग धावणे थांबवण्यावाचून उपाय नसतो. मलम चोळून आणि पट्टी बांधून ‘ग्राऊंड’ गाठण्याचा प्रयत्न मात्र सर्रास होतो.

ताकदीच्या व्यायामासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरावे लागते हा गैरसमजही या दुर्लक्षामागे आहे. वास्तविक जोर आणि बैठका ही या प्रदेशाच्या आखाड्यांची जुनी पुंजी असून शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखवली. बैठकांची उणीव एवढीच की त्या शेकड्यांनी मारल्या तर दम आणि चिकाटी वाढते, ताकद फारशी वाढत नाही. ताकदीसाठी भार क्रमाक्रमाने वाढवत न्यावा लागतो आणि खेपा कमी ठेवाव्या लागतात. वाळू भरलेले पोते खांद्यावर घेऊन पाच-सहा बैठका, एका पायावरची बैठक, पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली-वर करणे आणि कंबरेतून वाकून जड वस्तू सरळ पाठीने उचलणे, एवढे आठवड्यातून दोनदा केले तरी पोटरी आणि नितंब नडगीवरचा आघात वाटून घेतात, शिवाय त्याच गतीने धावताना खर्च होणारी ऊर्जाही काही टक्क्यांनी घटते.

गोळाफेकीत ही उणीव उघडी पडते. नवखा मुलगा गोळा तळहातावर घेतो आणि दगड भिरकावल्यासारखा फेकतो. तरबेज मुलगा तो बोटांच्या मुळांवर पेलून हनुवटीखाली मानेला टेकवतो, मागच्या पायावर भार घेतो आणि पाय, नितंब, कंबर, छाती, खांदा अशा क्रमाने जोर पुढे सरकवत हात अगदी शेवटी सोडतो. सुटण्याचा कोन ४५ अंशांचा असावा अशी शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून समजूत होते. प्रत्यक्षात गोळा जमिनीवरून नव्हे तर खांद्याच्या वरून सुटतो आणि उंच कोनात शरीराला तितका जोर लावता येत नाही, म्हणून ३५ ते ४० अंशांच्या आसपासचा कोन लाभतो. हे समजलेल्या मुलाचे अंतर दंड न वाढताही वाढते.

आहाराच्या बाबतीत या जिल्ह्याची स्थिती चमत्कारिक आहे. सोयाबीनच्या दाण्यात जवळपास ३६ ते ४० टक्के प्रथिन असते, म्हणजे प्रथिनांचे एवढे समृद्ध पीक ज्या शिवारात उभे राहते त्याच घरातील मुलगा प्रथिन कमी पडते म्हणून पावडरीचा डबा शोधतो. दाणा बाजार समितीत जातो, तेल बाटलीतून परत येते आणि सर्व प्रथिन ज्या पेंडीत उरते ती कोंबड्यांच्या खाद्यात किंवा निर्यातीत निघून जाते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.४ ते २ ग्रॅम प्रथिन पुरते, म्हणजे ६० किलोच्या मुलाला साधारण ८५ ते १२० ग्रॅम. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण ही जोडी योग्यच आहे, कारण ज्वारीत कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल तुरीत भरपूर असते आणि तुरीत कमी असलेले मेथिओनिन धान्य भरून काढते; अडचण वरणाच्या पातळपणाची आहे. ५० ग्रॅम सोया वडीतून सुमारे २५ ग्रॅम, मूठ-दोन मूठ फुटाण्यांतून दहा-बारा ग्रॅम आणि एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिन मिळते, असा हिशेब मांडला की डब्याची गरज बहुतांशी संपते. सोयाबीनचे कच्चे दाणे भिजवून खाण्याची प्रथा मात्र सोडावी लागते, कारण त्यांतील काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात आणि ते नीट शिजवल्यानेच निष्प्रभ होतात.

मुलींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर ८०० मीटरचा वेळ कितीही सराव करून एका मर्यादेपुढे सुधारत नाही, आणि ते अपयश मुलगी स्वतःच्या जिद्दीच्या खात्यावर टाकते. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो, लिंबू किंवा आवळा ते वाढवतो. त्यापुढची पायरी अशी की श्रम वाढवून खाणे न वाढवल्यास पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ही तक्रार पुरुष प्रशिक्षकासमोर बोलली जात नाही, म्हणून ती दिसतही नाही.

मनाचा भार आकड्यांतच आहे. २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे जवळपास शंभरात एक. त्यातही चाचणी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झाली. भरती कधी निघेल हे ठाऊक नसते, वयाची मर्यादा मात्र ठाऊक असते: खुल्या प्रवर्गासाठी २८, मागास प्रवर्गांसाठी ३३. पहाटे मैदान, दिवसा शेत किंवा काम आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका, या क्रमात झोप पाच तासांवर येते. स्नायूंची डागडुजी आणि पाठांतर पक्के होणे या दोन्ही गोष्टी झोपेतच घडत असल्याने अशा मुलाची वेळ खालावते, तो ती सुधारण्यासाठी अधिक धावतो आणि आणखी खालावतो. चिडचिड, भूक मरणे, सकाळी नाडी नेहमीपेक्षा जलद असणे आणि आवडत्या सरावाचाच कंटाळा ही अतिश्रमाची खूण आहे. एका गुणाने राहिलेल्या मुलाला गावात रोज विचारले जाणारे ‘यंदा काय झालं?’ हे चाचणीपेक्षा जड जाते. मनाच्या तक्रारीसाठी केंद्राची १४४१६ ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मराठीतही मिळते, परंतु तिचा क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर क्वचित दिसतो.

गावोगावच्या अकॅडमींतले ‘सर’ पुष्कळदा स्वतः एकेकाळी याच रांगेत उभे राहिलेले असतात. त्यांच्याजवळ जिद्द, शिट्टी आणि स्वतःच्या शरीराचा अनुभव असतो. ज्या मेहनतीने त्यांना जमले किंवा थोडक्यात हुकले, तीच ते सर्वांना सारखी देतात. त्यांच्यातील काहींनी मात्र अलीकडे चाचणीआधीच्या दहा दिवसांत धाव निम्म्याने कमी करण्याचा आणि वेग तेवढाच ठेवण्याचा प्रयोग सुरू केला आहे, आणि त्या दिवसांत मैदानावर सर्वाधिक कुरकुर पालकांची असते.