हवाई पूल आणि सुटे भाग : बर्लिनचे उदाहरण

मालवाहू विमानदलाचे सामर्थ्य त्याच्या पटावरील विमानांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. ही मोजणी कितपत फसवी ठरते, हे १९४८-४९ मधील बर्लिनच्या हवाई पुरवठ्याकडे पाहिले असता चांगले ध्यानात येते.

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग व कालवे बंद केले. वीस लाखांवर नागरिकांचे अन्न व इंधन आकाशमार्गाने आणणे प्राप्त झाले. किमान गरज दररोज सुमारे ४,५०० टनांची ठरली. सी-४७ हे दोन एंजिनांचे विमान एका खेपेस जेमतेम साडेतीन टन नेई. चार एंजिनांचे सी-५४ सुमारे दहा टन. म्हणून अमेरिकेने ऑक्टोबरपर्यंत सी-४७ विमाने जवळजवळ मागे घेतली. एकाच जातीच्या विमानांमुळे उड्डाणाचा वेग सारखा राहिला. आणि भांडारात दोन जातींचे भाग बाळगण्याची यातायातही टळली.

परंतु सी-५४ ची घडण लांब पल्ल्यासाठी झालेली होती. बर्लिनच्या मार्गावर त्यास वारंवार पूर्ण भारानिशी उतरावे लागे. टायर, ब्रेक व पुढील चाकाचा सांगाडा अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजू लागला. एकूण मालापैकी सुमारे दोनतृतीयांश कोळसा होता. त्याची पूड पोत्यांतून झिरपून विद्युत्‌तारांच्या जोडांत व उपकरणांत शिरे. मिठाचा प्रश्न तर याहून बिकट, कारण ते धातूच खाई. ते काम ब्रिटिशांनी प्रथम सुंदरलँड या जलविमानांकडे सोपविले. समुद्राच्या पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून त्यांची अंगे मुळातच गंजरोधक केलेली होती.

प्रत्येक सी-५४ ची दर २०० उड्डाणतासांनी तपासणी होई व १,००० तासांनंतर ते अमेरिकेस परत धाडावे लागे. २०० तासांची तपासणी प्रथम बव्हेरियातील ओबरफाफेनहोफेन येथे, नोव्हेंबर १९४८ पासून इंग्लंडमधील बर्टनवूड येथे होऊ लागली. तेथील काम आरंभी अपेक्षेहून पुष्कळ मंद चालले. ताफ्याचा बराचसा भाग त्यामुळे सदैव कामाबाहेर असे. एक विमान टायरअभावी उभे राहून दिवसाच्या दोन खेपा चुकल्या, तर वीस टनांची तूट पडे. ऑगस्ट १९४८ मध्ये सी-७४ ग्लोबमास्टर हे प्रचंड विमान सी-५४ साठी १८ एंजिने घेऊन अटलांटिक ओलांडून आले. पुरवठा करणाऱ्या विमानांनाच विमानाने पुरवठा करण्याची ही पाळी होती!

सुटे भाग आले तरी ते बसविणारे हात हवेत. मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर यांस याचा अनुभव भारतातच आलेला होता. १९४४-४५ मध्ये आसामातून हिमालयापलीकडे चीनला चालणाऱ्या हवाई वाहतुकीची सूत्रे त्यांच्याकडे असताना त्यांनी दुरुस्तीची साखळीपद्धती बसविली होती : विमान एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे ओढीत न्यावयाचे व प्रत्येक ठाण्यावर ठराविक कारागिरांनी ठराविकच काम करावयाचे. जर्मनीत मात्र कारागीरच अपुरे पडले. तेव्हा टनर यांनी जर्मन हवाईदलातील माजी यंत्रज्ञ कामास घेतले आणि दुरुस्तीच्या पुस्तिका जर्मन भाषेत उतरवून घेतल्या. या भरतीस जर्मन हवाईदलाचेच एक माजी जनरल फॉन रोडेन यांचे साह्य झाले. युद्ध संपून अवघी तीन वर्षे लोटली होती. तेव्हा या निर्णयास लागलेले धैर्य लहान म्हणता येणार नाही.

१२ मे १९४९ रोजी कोंडी उठली. तरीही साठा भक्कम व्हावा म्हणून उड्डाणे ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहिली. तोवर सुमारे २३ लाख टन माल बर्लिनमध्ये उतरला होता.