लाजाळू : नाव आणि वनस्पती

मिमोसा पुडिका या वनस्पतीस आपण लाजाळू म्हणतो. स्पर्श होताच तिच्या पर्णिका जोडीजोडीने वर मिटतात आणि देठ खाली झुकतो. देठाच्या तळाशी असलेल्या फुगीर भागातील काही पेशींतून पोटॅशियमचे आयन व त्यांमागोमाग पाणी बाहेर पडते, त्यामुळे एका बाजूचा ताठरपणा नाहीसा होतो, हे त्याचे कारण. लिनियसने १७५३ मध्ये योजिलेल्या ‘पुडिका’ या विशेषणाचा अर्थही लज्जाशील असाच आहे.

भाषाभ्यासकास अधिक लक्षणीय वाटावी ती नावाची घडण. ‘-आळू’ हा संस्कृत ‘-आलु’चा वंशज. पाणिनीने (३.२.१५८) तो स्वभाव दाखविण्यासाठी सात धातूंना सांगितला आहे; त्यांत दय्, निद्रा, श्रद्धा हे आहेत, लज्ज् नाही. भाषेने ही मर्यादा पाळली नाही. मराठीने तर ‘विसराळू’सारखे शब्द स्वतःच घडविले. तेव्हा ‘लाजाळू’ हा ‘लज्जालु’चा तद्भव की ‘लाज’ला प्रत्यय लावून झालेला मराठी शब्द, हे केवळ रूपावरून ठरत नाही.

दक्षिणेकडील नावांची तऱ्हा निराळी. तमिळमधील ‘तोट्टाऱ्चिणुंगि’ म्हणजे शिवले तर कुरकुरणारी. मल्याळममधील ‘तोट्टावाडि’ म्हणजे शिवले तर कोमेजणारी. कन्नडमधील ‘मुट्टिदरे मुनि’ म्हणजे शिवले तर रुसणारी. येथे स्वभाव सांगितलेला नाही. संकेतार्थी वाक्यच गोठून नाम झाले आहे. हिंदीतील ‘छुईमुई’ही याच जातीची : शिवली, मेली! (आपली लाजाळू त्या मानाने शालीन म्हणावयाची.)

खरी अडचण कोशकारापुढे येते. मिमोसा पुडिका ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. अमरकोशात मात्र ‘नमस्कारी’ व ‘समंगा’ ही नावे येतात, आणि भावप्रकाशात ती ‘लज्जालु’, ‘शमीपत्रा’ यांच्या पंक्तीस बसतात. अर्थात अमरकोशातील नावे या वनस्पतीची असणे शक्य नाही. नवागत झाडाने जुने नाव घेतले. जुने झाड कोणते? बायोफायटम सेन्सिटिव्हम हे एक उत्तर दिले जाते. परंतु तिच्या पर्णिका स्पर्शाने खाली लोंबतात; त्यांत जोडलेले हात दिसणे कठीण. पाण्यावर पसरणाऱ्या नेप्ट्यूनियाच्या पर्णिका वर मिटतात आणि पानही शमीच्या अधिक जवळचे आहे. तरी एका नावाखाली एकच झाड होते, असे गृहीत धरण्यास आधार नाही. जुन्या संहितेचे संपादन करताना ‘लज्जालु’पुढे मिमोसा पुडिका असे निःशंकपणे लिहिण्याची रूढी म्हणूनच सोडावयास हवी.