वसईचा किल्ला: घरीच शिकणाऱ्या कॅथलिक मुलांची उघडी शाळा

मुलांना घरीच शिकवणाऱ्या कॅथलिक कुटुंबासाठी वसईचा किल्ला हा इतिहास, विज्ञान आणि धर्मशिक्षण एकत्र देणारा अभ्यासविषय आहे. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि तटबंदीच्या आत चर्च व मठ उभे केले. आज त्यांपैकी बहुतेकांवर छप्परे नाहीत. त्यामुळेच कमानी, भिंतींची जाडी आणि चुन्याचे सांधे उघडे दिसतात. मोजपट्टी, होकायंत्र आणि चित्रवही घेऊन गेलेली मुले वेदी कोणत्या दिशेला होती हे स्वतः शोधू शकतात आणि एखाद्या चर्चचा आराखडा कागदावर उतरवू शकतात. संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. 1597 मध्ये नागासाकीत ते हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. जगाच्या नकाशावर त्यांचा प्रवास आखला, की भूगोलही शिकून होतो.

या अभ्यासाचे पुढचे टप्पे दोन: नाशिक आणि जुना गोवा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर येथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच प्रसिद्ध. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेत तर दगडच शिकवतो. भिंती सच्छिद्र जांभ्याच्या, दर्शनी भागातील बारीक कोरीवकाम मात्र वसईहून नेलेल्या बसाल्टचे. दोन्ही दगडांचे साधे तुकडे घरी पाण्यात बुडवून, आधी आणि नंतर वजन केले, की कोरीवकामासाठी बसाल्ट का निवडला हे मुलांना सहज उमगते. स्मारकांवर मात्र कोरणे, खरवडणे किंवा ठसे घेणे टाळावे.